दादर एकच आहे: आराखडा आखणाऱ्यांना खुले पत्र

दादर स्थानकाच्या पुढच्या आराखड्यावर आज काम करणाऱ्या आणि उद्या करणार असलेल्या सर्व अभियंत्यांना, वास्तुरचनाकारांना आणि अधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

कुर्ला सुटलं की आमच्या लेडीज डब्यात एक प्रश्न सुरू होतो. "दादर?" एवढाच. पुढच्या बाईच्या खांद्याला हात लावून विचारायचं. ती "हो" म्हणाली की तिच्या मागे लागायचं, "नाही" म्हणाली की तिच्याशी जागा बदलायची. शीव आणि माटुंगा खिडकीतून मागे पडेपर्यंत दाराशी उतरणाऱ्यांची रांग लागलेली असते. पर्स पोटाशी, ओढणी गुंडाळलेली, चष्मा पर्समध्ये. गाडी थांबली की पाय आपोआप फलाटावर येतात, कारण मागचा रेटाच तेवढा असतो.

आणि एवढा खटाटोप करून दादरला उतरलेल्या आम्हा बायकांपैकी बहुतेकींना दादरला जायचंच नसतं. कोणी वांद्र्याला निघालेली असते, कोणी अंधेरीला, कोणी मालाडला. सकाळी आम्ही मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेवर जातो, संध्याकाळी पश्चिमवरून मध्यवर येतो. गेली तेवीस वर्षं डोंबिवली ते अंधेरी हा माझा पास आहे. या तेवीस वर्षांत दादरच्या गावात मी जितका वेळ घालवला असेल, त्याच्या कितीतरी पट वेळ दादरच्या पुलावर काढला आहे.

म्हणून हे पत्र. मला एकच गोष्ट सांगायची आहे. दादर हे गाडी बदलण्याचं स्टेशन आहे. त्याचा आराखडा करताना आधी चालणारा माणूस मोजा. दोन गाड्यांच्या मध्ये तो किती पावलं चालतो, किती पायऱ्या चढतो, कुठे अडतो, कुठे थांबून वर बघतो, हे आधी कागदावर येऊ द्या. इमारत, दुकानं, दर्शनी भाग हे सगळं त्यानंतर.

यातली अडचण तुमच्या आमच्या जन्माच्या आधीची आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या कंपनीची. त्यानंतर अकरा वर्षांनी, १८६४ मध्ये, गुजरातकडून मुंबईत आली ती बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे वेगळी कंपनी, वेगळे मालक, वेगळे रूळ. दादरला हे दोन मार्ग एकमेकांच्या अगदी जवळ आले आणि तिथे दोघांनी आपापलं स्टेशन बांधलं. कंपन्या गेल्या, ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य आणि पश्चिम रेल्वे अस्तित्वात आल्या, पण दोन स्टेशनं शेजारी शेजारी तशीच राहिली. दोघांच्या मध्ये पूल आले आणि लोकांनी त्या पुलांवरून ये-जा करून दोन स्टेशनांचं एक दादर केलं. ते जोडण्याचं काम आधी पायांनी केलं आहे, नकाशाने नंतर.

किती नंतर, ते बघा. डिसेंबर २०२३ पर्यंत दादरला एक नंबरचे फलाट दोन होते, तीन नंबरचे दोन, चार नंबरचे दोन. "एक नंबरवर भेट" म्हटलं की समोरून ठरलेला प्रश्न यायचा, "सेंट्रलचा एक की वेस्टर्नचा?" रोजच्या माणसाला सवय होती. पण नागपूरहून, सोलापूरहून, सावंतवाडीहून पहिल्यांदा आलेल्या माणसाला आपण ज्या फलाटावर उभे आहोत त्याच नंबरचा आणखी एक फलाट पुलापलीकडे आहे हे कुठून कळणार? ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिमचे एक ते सात तसेच ठेवले आणि मध्यच्या फलाटांना आठ ते चौदा असे नंबर दिले. मध्यचा एक आठ झाला. आम्ही पहिले काही दिवस चुकलो, जुने आकडे तोंडात बसले होते. पण महिन्याभरात सगळ्यांना पटलं की हे फार आधी व्हायला हवं होतं.

हा निर्णय ज्यांनी घेतला त्यांचे मी मनापासून आभार मानते. त्याला सिमेंट लागलं नाही, गर्डर लागला नाही, रात्रीचा मेगाब्लॉक लागला नाही. पाट्या बदलल्या आणि घोषणा बदलल्या. तरीही माझ्या पाहण्यातली दादरची ती सगळ्यात मोठी सुधारणा आहे, कारण त्या दिवशी पहिल्यांदा दादरला एक स्टेशन म्हणून मोजलं गेलं. माझी विनंती एवढीच आहे, की तिथे थांबू नका. नंबर एक झाले, आता बाकीचंही एक होऊ द्या.

म्हणजे काय, ते पुलावरच्या माणसाच्या जागेवरून सांगते.

अंधेरीहून येणारी मी पश्चिमच्या फलाटावर उतरते. जिना चढून पुलावर येते. आता मला कल्याणकडची जलद गाडी हवी. ती किती मिनिटांत आहे आणि कुठल्या फलाटावर आहे, हे मला जिना चढताच, पूल ओलांडायच्या आत कळायला हवं, कारण त्यावर मी चालायचं की पळायचं हे ठरतं. फलाटावर उतरून इंडिकेटर बघायचा आणि मग चुकलं म्हणून परत वर यायचं, यात एका माणसाचे दोन जिने वाया जातात, आणि त्याच्याकडून परतीच्या जिन्यावर उलट दिशेने गर्दी कापली जाते. हे एकाने केलं तर काही नाही. संध्याकाळी साडेसहाला शेकडो जण करतात तेव्हा जिना तुंबतो. म्हणून प्रत्येक पुलाच्या दोन्ही तोंडांशी, छातीच्या नव्हे, डोक्यांच्या वर, लांबून दिसतील असे मोठे फलक हवेत आणि त्यांवर दोन्ही रेल्वेच्या पुढच्या गाड्या एकत्र दिसायला हव्यात. मुंबईकराला माहिती वेळेवर मिळाली की तो शिस्तीत चालतो. त्याला धावायला लावते ती शंका.

पुलाच्या रुंदीबद्दल बरंच बोललं जातं. जिन्याच्या तोंडाबद्दल कमी बोललं जातं, आणि खरी जागा तीच आहे. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये दर चौरस मीटरला १४ ते १६ माणसं उभी असतात असं रेल्वेच्याच भाषेत सांगतात, त्याला त्यांनी 'सुपर डेन्स क्रश लोड' असं नाव दिलं आहे. बारा डब्यांची अशी गाडी दादरला अर्धं मिनिट थांबते आणि तेवढ्यात शेकडो माणसं फलाटावर ओतते. ही माणसं ओढ्यासारखी येत नाहीत, लाटेसारखी येतात. पहिली लाट जिन्यावर चढते न चढते तोच समोरच्या रुळावर दुसरी गाडी लागते. पूल कितीही रुंद केला तरी त्याच्या तोंडाशी जिना दोन माणसांचा असेल, किंवा जिन्याच्या पायथ्याशी खांब, कचराकुंडी, स्टॉल, वायरचं खोकं असं काही उभं असेल, तर ती लाट तिथेच फुटते.

हे मी तर्काने सांगत नाही. २९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ आपल्यापैकी कोणीच विसरलेलं नाही. दसऱ्याचा आदला दिवस होता. दादरच्या दक्षिणेला लगतचं स्टेशन, पश्चिमवर तेव्हाचं एल्फिन्स्टन रोड, आजचं प्रभादेवी, आणि मध्यवर परळ, यांना जोडणारा पूल. म्हणजे दादरसारखंच काम करणारा पूल, एका रेल्वेवरून दुसऱ्या रेल्वेवर नेणारा. अचानक पाऊस आला. छत्री नसलेले लोक पाऊस थांबायची वाट पाहत जिन्यावरच थांबले. खालून गाड्यांची माणसं येतच राहिली. तेवीस माणसं गेली. पूल पडला नव्हता. पूल शाबूत होता. कोणीतरी "फूल गिर गया" म्हणालं ते लोकांना "पूल गिर गया" असं ऐकू आलं, असं तिथून वाचलेल्यांकडून तेव्हा बातम्यांत आलं होतं. मी त्या सकाळी दादरचा पूल ओलांडून पुढे गेले होते, आणि ऑफिसात पोहोचल्यावर घरून आलेला पहिला फोन "तू कुठे आहेस?" असा होता. त्या दिवशी मुंबईत लाखो घरांतून हाच फोन गेला असेल.

त्यानंतर लष्कराच्या जवानांनी तिथे नवा पूल उभारला, फेब्रुवारी २०१८ मध्ये तो सुरू झाला. पूल बांधता येतो, तोही काही महिन्यांत, हे त्यातून आपण शिकलो. पण माणसं का थांबली, हे शिकलो का? माणसं थांबली कारण छप्पर जिन्यावर होतं आणि बाहेर पडायच्या जागेवर नव्हतं. म्हणून दादरच्या आराखड्यात प्रत्येक जिन्याच्या शेवटच्या पायरीपासून पुढे रस्त्यापर्यंत, बस थांब्यापर्यंत, छप्पर पुढे न्या. पावसात थांबणाऱ्या माणसाला थांबायला जिन्यापासून दूर जागा द्या. खार रोडला फलाटांच्या वर मोकळा डेक बांधला आहे. वाट पाहणारा माणूस तिथे थांबतो आणि पूल चालणाऱ्यांसाठी मोकळा राहतो. दादरला जागा कमी आहे, मला माहीत आहे. पण जी काही नवी जागा रुळांच्या वर तयार होईल, तिच्यावर पहिला हक्क उभ्या राहणाऱ्या आणि चालणाऱ्या माणसाचा असू द्या. ती दुकानांनी भरलीत तर आम्ही पुन्हा जिन्यावर येऊ.

आता माझ्या आईची गोष्ट सांगते. ती दरवर्षी एकदा सावंतवाडीहून तुतारी एक्स्प्रेसने येते. दादरला उतरून तिला गोरेगावला माझ्या बहिणीकडे जायचं असतं, म्हणजे लांब पल्ल्याच्या फलाटावरून पूल ओलांडून पश्चिमवर. तिचा उजवा गुडघा दुखतो. पायरी चढताना ती आडवी होते, डावा पाय वर ठेवते, मग उजवा त्याच्या शेजारी आणते, मग पुढची पायरी. दोन्ही हात कठड्याला. सकाळी गेल्या खेपेस मी तिची पिशवी घेऊन मागे होते, पिशवीत कोकमं आणि उकडे तांदूळ. वरून लोंढा येत होता आणि तोही कठड्याच्या बाजूने, कारण भरभर उतरणाऱ्यालाही कठड्याचाच आधार असतो. आई चौथ्या की पाचव्या पायरीवर थांबली. मला म्हणाली, "आमच्याकडे जिन्याला दादर म्हणतात, तू विसरलीस काय? मग इथे आणखी काय असणार?" आणि हसली, पण कठडा सोडला नाही.

तेवढ्यात मागून एक बाई आल्या, डोक्यावर शेवंतीची भरलेली पाटी. त्यांनी आईकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आजी, माझ्या मागनं या, सावकाश." त्या पुढे झाल्या, "बाजू, बाजू" म्हणत, आणि पाटीला बघून माणसं खरंच बाजूला झाली. त्यांच्या मागे जेवढी फट उरली तेवढ्यात आई वर गेली. वर पोचल्यावर त्यांनी पाटी एका हाताने सावरली, आईला दोन शेवंतीची फुलं दिली आणि पश्चिमेकडे निघून गेल्या, फुलबाजाराच्या दिशेने.

त्या बाईंचं मला नावही माहीत नाही. पण तुम्ही आराखडा करताना या दोघी तुमच्या समोर असाव्यात अशी माझी इच्छा आहे. आईला हवा होता जिन्याच्या मधोमध एक कठडा, चढणारे एका बाजूला आणि उतरणारे दुसऱ्या बाजूला. तिला हवी होती टप्प्यावर दोन मिनिटं टेकायला जागा. तिला हवी होती लिफ्ट, पण एका फलाटावरची एकटी लिफ्ट नव्हे. लिफ्टची साखळी. चौदा नंबरवरून एक नंबरपर्यंत एकही पायरी न चढता जाता आलं पाहिजे, आणि तो मार्ग बाणांनी पहिल्या फलाटापासून दाखवलेला असला पाहिजे. साखळीतली एक कडी निसटली की चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला बाकीच्या सगळ्या कड्या निरुपयोगी आहेत.

आणि पाटीवाल्या बाईंना हवी आहे ओझ्याची वेगळी वाट. दादरचा फुलबाजार पहाटेच जागा होतो. वसईपासून, पालघरपासून, नाशिक-पुण्याकडून फुलं येतात. सकाळी डबेवाले त्यांची लांब फळी डोक्यावर घेऊन याच पुलांवर असतात. हे सगळं दादर आहे, ते इथून हलवा असं मी कधीच म्हणणार नाही. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनच्या १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली, त्याचं कारण मला कळतं, एल्फिन्स्टननंतर ते सगळ्यांनाच कळलं. पण नुसतं हटवणं हे उत्तर टिकत नाही, कारण आम्ही घरी जाताना भाजी, फुलं, मुलांच्या वह्या इथूनच घेतो. आराखड्यात विक्रीची जागा चालण्याच्या वाटेला चिकटून नव्हे, तिच्या बाजूला काढलेल्या खाचेत दाखवा. विकणारा आणि विकत घेणारा दोघेही लाटेच्या बाहेर उभे राहतील. आणि ओझं नेणाऱ्यांसाठी एक पायऱ्या नसलेला उतार.

हे अशक्य आहे असं मला कोणी सांगू नये, कारण दादर हे दरवर्षी करून दाखवतं. ६ डिसेंबरला बाबासाहेबांना अभिवादन करायला चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात. विदर्भातून, मराठवाड्यातून, खानदेशातून. त्यांतली कितीतरी माणसं आयुष्यात पहिल्यांदा मुंबईत पाय ठेवतात, हातात लेकरं असतात, डोक्यावर बोचकी असतात. त्या दिवसांत येण्याचे आणि जाण्याचे मार्ग वेगळे होतात, ठिकठिकाणी वाट दाखवणारी माणसं उभी असतात, बाहेर पाण्याची सोय असते. समता सैनिक दलाचे कार्यकर्ते दोरी धरून उभे असलेले मी पाहिले आहेत. आणि एवढा जनसागर शांतपणे येतो आणि शांतपणे जातो. त्या दिवसांची व्यवस्था काय होती, ती कोणी लिहून ठेवत असेल तर तो कागद मागवून घ्या. आराखड्याची सुरुवात करायला त्याच्याइतका चांगला कागद दुसरा नाही.

पूर्वेला दादर टीटी आहे. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून निघून दादरलाच आली होती. ट्राम गेली, पण पुण्याच्या बस तिथूनच धरायची सवय कायम राहिली. १९८२ च्या आशियाई खेळांनंतर एसटीच्या त्या निमआराम गाड्यांना लोक 'एशियाड' म्हणू लागले, अजूनही काही जण शिवनेरीलाही एशियाडच म्हणतात. आता पश्चिमेला भुयारी मेट्रो ३ चं दादर स्टेशन २०२५ मध्ये सुरू झालं आहे. म्हणजे पूर्वेची बस, मधल्या दोन रेल्वे आणि पश्चिमेची मेट्रो अशा चार गोष्टी एका रेषेत आल्या, आणि त्या रेषेवर माणूस चालतो आहे. या चौघांची मालकी वेगवेगळ्या चार संस्थांची आहे. दीडशे वर्षांपूर्वी दोन कंपन्यांमुळे दादरचे दोन तुकडे झाले, आता चार होऊ देऊ नका. टीटीपासून मेट्रोच्या जिन्यापर्यंत एक सलग, छप्पर असलेली, सपाट वाट हवी आणि तिच्यावर एकाच रंगाच्या, मराठीत आधी आणि मोठ्या अक्षरात लिहिलेल्या पाट्या हव्यात. एवढं एक काम झालं तर बाकीच्या निम्म्या तक्रारी राहणार नाहीत.

स्वच्छतागृहांबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण हे सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं. गाडी बदलणाऱ्या बाईचा प्रवास दीड-दोन तासांचा असतो. ती घरून निघताना पाणी पीत नाही. दादर तिच्या वाटेच्या मधोमध आहे. पुलाच्या पातळीवर, उजेडात, लोकांच्या नजरेच्या टप्प्यात बायकांसाठी स्वच्छ सोय करा. ५ मे १९९२ ला पश्चिम रेल्वेवर पहिली लेडीज स्पेशल धावली तेव्हा बायका नोकरीला निघाल्या आहेत हे रेल्वेने ओळखलं होतं. त्या निघालेल्या बायका आता पन्नाशीच्या, साठीच्या झाल्या आहेत आणि अजून याच पुलांवरून चालत आहेत.

शेवटची विनंती अगदी लहान आहे. हरकती आणि सूचना मागवायच्या असतात तेव्हा आराखडा कुठल्याशा कार्यालयात किंवा संकेतस्थळावर ठेवला जातो आणि ऑफिसच्या वेळात बघायला या असं सांगितलं जातं. त्या वेळात आम्ही ऑफिसात असतो. निविदा काढायच्या आधी, एक महिना, तो आराखडा दादरच्या मधल्या पुलावर लावा, जिथे पूल रुंद आहे अशा जागी, वाट न अडवता. चौदाच्या चौदा फलाट, सगळे जिने, सगळ्या लिफ्ट दिसतील एवढा मोठा, आणि मराठीत. खाली कोरे कागद ठेवा आणि दोरीला बांधलेली दहा-बारा पेनं. कुठला जिना कुठे तुंबतो, कुठल्या पायरीशी पाणी साचतं, आठ नंबरला कुठल्या डब्यासमोर जिना यायला हवा, हे त्या कागदांवर एका आठवड्यात लिहून येईल. माझी आई येत्या मे महिन्यात येणार आहे. तोवर लावलात तर मी तिला तिथे थांबवेन, तिचंही एक वाक्य त्यावर लिहून घेईन.

आपली,
डोंबिवली–दादर–अंधेरी असा पास काढणारी एक प्रवासी